गाणं कुणाचं?

(लोणावळ्यातील कार्यकर्ती शिबिरात केलेले भाषण)



दोन दिवस आपण सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्याविषयी बोललो. मला गाण्यांविषयी बोलायचंय, पण मुद्दा नावाचाच आहे.

गाजलेलं गाणं कुणाचं, असं विचारलं की आपण गायकाचं नाव सांगतो, फार तर संगीतकाराचं. त्याआधी ते कुणाच्या तोंडी होतं? 1964 साली इंग्लंडच्या ‘ॲनिमल्स’ या बँडने ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ जगभर गाजवलं. तबकडीवर लिहिलं होतं : पारंपरिक, मांडणी ॲलन प्राइस. हेच गाणं 1937 मध्ये ॲलन लोमॅक्स या लोकगीतं गोळा करणाऱ्या माणसाने अमेरिकेत, केंटकीतल्या मिडल्सबरो गावी ध्वनिमुद्रित केलं होतं. गाणारी होती खाणकामगाराची सोळा वर्षांची मुलगी, जॉर्जिया टर्नर. गाणं तिनेही रचलेलं नव्हतं, ऐकून शिकलेली. पण मांडणी करणाऱ्याचं नाव छापता येतं, तर गाणं जपणारीचं का नाही?

एलिझाबेथ कॉटनची गोष्ट आपल्या घरकामगार बहिणींना मुद्दाम सांगा. ही काळी अमेरिकन बाई. लहानपणी तिने ‘फ्रेट ट्रेन’ हे गाणं रचलं. पुढे लग्न, संसार, आणि गिटार कित्येक वर्षं बाजूला. उतारवयात ती सीगर कुटुंबात घरकाम करायची. तिथली मुलगी पेगी हिने गाणं इंग्लंडला नेलं, आणि 1957 मध्ये ते तिथे गाजलं, लेखक म्हणून भलत्याच पुरुषांच्या नावावर! भांडून तिला श्रेय मिळवावं लागलं. ग्रॅमी पुरस्कार मिळाला तो नव्वदी गाठल्यावर.

आपल्याकडे बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी गाणी टिपली, 1952 मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तक आलं. 1961 च्या ‘मानिनी’ चित्रपटात गाणी गाजली ती त्यांच्याच नावाने. मुलगा कवी नसता तर? आज ती सगळी ‘खानदेशी लोकगीतं’ झाली असती.

आणि मावळ-मुळशी? इथे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी डोंगरातल्या बायकांबरोबर काम करता करता जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरातल्या हजाराहून जास्त गावांतून लाखावर ओव्या जमल्या. 2017 पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव आहे.

ओवीला मालकीण शोधणं अवघड, हे मान्य. माहेरची ओवी सासरी येते, जात्याच्या दुसऱ्या बाजूची जाऊ ती उचलते, भावाचं नाव बदलते, आपलं दुःख घालते. चालीला इथे ‘गळा’ म्हणतात, म्हणजे चालसुद्धा बाईच्या अंगाचीच. आंदर मावळात एका आजीला मी नाव विचारलं, तर म्हणाली, “नाव कशाला? आईची ओवी हाय.” मग मी आईचं नाव विचारलं. आजी थोडा वेळ गप्प बसली, मग सांगितलं. वहीत मी दोघींची नावं लिहिली. आईचं नाव त्याआधी कुणी कधी विचारलंच नव्हतं म्हणे.

आपल्या चळवळीच्या पुस्तिका तरी कुठे वेगळ्या आहेत? भारूड, ओवी, गवळणीच्या चाली आपण सर्रास घेतो आणि खाली ‘चाल : पारंपरिक’ छापून मोकळ्या होतो. नवीन पुस्तिका निघतेय. प्रत्येक गाण्याखाली चार गोष्टी हव्यात : कुणी गायलं, गाव कोणतं, ती कुणाकडून शिकली, गळा कुणाचा. आणि मोबाइलवर रेकॉर्ड करण्याआधी बाईला विचारायचं, नंतर तिला ऐकवायचं. ती नको म्हणाली तर पुसून टाकायचं.

जेवणानंतर आंदर मावळातल्या तिघी गाणार आहेत. वह्या घेऊन बसा.