मूठ सैल करताना
(वर्धापनदिनी विहारात केलेले भाषण)



"काका, दहाच मिनिटं बोला," असं आम्हाला बजावलं आहे. आम्ही पाऊण तासाचं भाषण लिहून आणलं होतं. ते खिशातच ठेवतो. आजचा विषयच तसा आहे.

मज्झिम निकायात उपक्किलेस सुत्त आहे. कोसंबीच्या भिक्खूंमध्ये भांडण जुंपलं होतं. भगवंतांनी पुन्हा पुन्हा समजावलं. तेव्हा एक भिक्खू म्हणाला, आपण यात पडू नये, आमचं आम्ही बघून घेऊ. आता प्रत्यक्ष शास्ता! पण भगवंतांनी जबरदस्ती केली नाही. चीवर-पात्र घेतलं आणि एकटेच निघाले. पुढची हकीकत विनयपिटकात आहे. कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणं आणि भिक्षा देणं बंद केलं, तेव्हा कुठे मंडळी ताळ्यावर आली.

इकडे भगवंत प्राचीनवंस वनात पोचले. तिथे अनुरुद्ध, नंदिय आणि किम्बिल दूध-पाण्यासारखे मिळून राहत होते. कसं जमतं, असं विचारल्यावर अनुरुद्धांनी सांगितलं, की आपल्या मनातलं बाजूला ठेवून या दोघांच्या मनाप्रमाणे वागावं, असं मला वाटतं. बाकी दोघांचंही उत्तर तेच. आणि कामाची रीत पाहा. भिक्षेहून आधी येईल त्याने आसनं मांडायची, पाणी ठेवायचं. शेवटी येईल त्याने आवरायचं, झाडायचं. घडा रिकामा दिसला की ज्याला दिसला त्याने भरायचा. जड असेल तर हाताने खूण करून दुसऱ्याला बोलवायचं. दर पाचव्या दिवशी रात्रभर धम्मचर्चा. मुकादम कोण? कोणीच नाही.

आम्हा जुन्या मंडळींच्या अंगात मात्र कोसंबीच जास्त. विहाराच्या कपाटाची किल्ली बावीस वर्षं आमच्याच खिशात. वर्षावासात बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' आम्हीच वाचायचा. डोळे अधू झाले, ओळी गाळायला लागलो, तरी माईक सोडला नाही. पोरं उठून जायची. आम्ही म्हणायचो, नव्या पिढीला धम्माची ओढ नाही.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. नाइलाजाने ग्रंथ आमच्या सूनबाईकडे गेला. तिने रोज वेगळ्या घरच्या मुला-मुलींना वाचायला बसवलं. आम्ही परत आलो तर सतरंज्या कमी पडत होत्या! खरं सांगतो, आम्हाला आनंद नाही झाला, राग आला. तीन दिवस विहारात फिरकलो नाही.

घरीही तेच. थोरल्याने काय शिकावं हे आम्ही ठरवलं आणि दोन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं. तो समोर बसला आहे, म्हणून इतकंच.

त्याच सुत्तात साधनेतल्या प्रयत्नाविषयी लावा पक्ष्याचा दृष्टान्त आहे. दोन्ही हातांनी गच्च आवळला तर मरतो, सैल धरला तर उडून जातो. तेव्हा कमिटीच्या तरुणांनो, आम्ही बाजूला होतोय म्हणजे वाऱ्यावर सोडतोय असं समजू नका. हिशोबाच्या वह्या बघायला बसूच. पण वाचायला कोणी बसायचं, वर्धापनदिनाला वक्ता कोण आणायचा, ते तुम्ही ठरवा. चुकलात तरी तुम्हीच निस्तरा.

किल्ली आज सोबत आणली आहे. कुलूप जरा अडतं, उजवीकडे दाबून फिरवावं लागतं, नाहीतर ओढून तोडाल. या सूनबाई, घ्या.

नमो बुद्धाय, जयभीम.