पर्यावरण : न्यायाची मागणी आणि स्वावलंबनाची सिद्धता

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



शाश्वत विकास आणि त्यासाठीचे आंतरराष्ट्रीय सहकार्य हा आजचा विषय आहे. हा विषय निघाला की आपल्या सभांतून दोन विधाने हमखास ऐकू येतात. एक म्हणजे, भूमीला माता मानणाऱ्या समाजाला पर्यावरणाचे धडे इतरांनी देऊ नयेत. दुसरे असे की, हवामान बदलाची सारी चर्चा भारताचा विकास रोखण्यासाठी पाश्चात्त्यांनी रचलेली आहे. पहिले विधान खरे असले तरी अपुरे आहे. दुसऱ्या विधानात दोन भिन्न गोष्टींची गल्लत झाली आहे. तापमानवाढ हे शास्त्राने सिद्ध केलेले वास्तव आहे. जून 2020 मध्ये 'निसर्ग' चक्रीवादळाने श्रीवर्धन परिसरातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके वाहून गेली. एखाद्या घटनेचे सारे खापर हवामान बदलावर फोडता येत नाही. परंतु अशा घटनांची तीव्रता वाढत जाणार, हे नाकारताही येत नाही. राजकारण आहे ते या संकटाचा भार कोणी किती उचलायचा, या प्रश्नात. तेथे भारताची भूमिका काय राहिली आणि यापुढे ती कशाच्या बळावर टिकेल, याचा आज विचार करू.

भूमिकेतील सातत्य

जून 1972 मध्ये स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरणविषयक परिषद भरली. यजमान स्वीडनचे पंतप्रधान वगळता तेथे उपस्थित राहिलेल्या एकमेव शासनप्रमुख म्हणजे इंदिरा गांधी. दारिद्र्य दूर केल्याशिवाय पर्यावरणाचे रक्षण होणार नाही, असे प्रतिपादन त्यांनी केले. ज्यांच्या आणीबाणीविरुद्ध आपण संघर्ष केला, त्यांनी परदेशात मांडलेली देशाची बाजू योग्य होती, हे म्हणण्यात आपल्याला संकोच वाटण्याचे कारण नाही.

1992 च्या रिओ परिषदेत 'समान परंतु विभेदित जबाबदारी' हे तत्त्व जगाने मान्य केले. पृथ्वी सर्वांची, म्हणून जबाबदारी सर्वांची. परंतु ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून समृद्धी मिळवली, त्यांची जबाबदारी अधिक, असा त्याचा सरळ अर्थ. ऑक्टोबर 2002 मध्ये हवामानविषयक आठवी जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली, तेव्हा पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या किती खाली आहे, हे जगासमोर ठेवले. सरकारे बदलली, परंतु भूमिका बदलली नाही.

ही भूमिका आकड्यांवर उभी आहे. जगाच्या लोकसंख्येपैकी सुमारे 17 टक्के लोक भारतात राहतात. औद्योगिक क्रांतीनंतर वातावरणात साचलेल्या कार्बनमध्ये भारताचा वाटा सुमारे 4 टक्के आहे. कार्बन डायऑक्साइडचे आपले दरडोई वार्षिक उत्सर्जन सुमारे 2 टन, तर अमेरिकेचे त्याच्या कितीतरी पट आहे. मात्र याच चित्राची दुसरी बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. एकूण वार्षिक उत्सर्जनात चीन आणि अमेरिका यांच्यानंतर तिसरा क्रमांक आपला आहे. इतिहासातील जबाबदारी आपली नाही. परंतु भविष्यातील जबाबदारीतून आपल्याला अंग काढून घेता येणार नाही.

यशस्वी झालेला एक करार

जागतिक सहकार्य म्हणजे केवळ ढोंग, असे मानणाऱ्यांनी ओझोनच्या कराराचा अभ्यास करावा. आपल्या घरातील जुन्या फ्रीजमध्ये आणि फवाऱ्याच्या डब्यांमध्ये क्लोरोफ्लुरोकार्बन नावाची रसायने असत. सूर्याच्या अतिनील किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करणारा ओझोनचा थर त्यांच्यामुळे विरळ होत होता. ती हटवण्यासाठी 1987 मध्ये मॉन्ट्रियल येथे करार झाला. भारताने लगेच स्वाक्षरी केली नाही. थर विरळ केला श्रीमंत देशांच्या कारखान्यांनी. मग नवे, महाग तंत्रज्ञान विकत घेण्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा, असा भारत आणि चीन यांचा प्रश्न होता.

1990 मध्ये लंडनच्या बैठकीत तत्कालीन पर्यावरण राज्यमंत्री मनेका गांधी यांनी ही बाजू ठामपणे मांडली. परिणामी, विकसनशील देशांना तंत्रज्ञान बदलण्याचा अतिरिक्त खर्च भरून देणारा बहुपक्षीय निधी करारात अंतर्भूत झाला आणि मुदतही अधिक मिळाली. न्याय्य तरतूद झाल्यावर 1992 मध्ये भारत करारात सामील झाला आणि 2010 पर्यंत ही रसायने हद्दपार करण्याचे बंधन त्याने पाळले. पुढे जगातील प्रत्येक राष्ट्र या करारात आले. जगाच्या बहुतेक भागावरील ओझोनचा थर 2040 च्या सुमारास 1980 च्या पातळीवर येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

येथे भारताची अडवणूक कराराच्या आड आली, असे म्हणता येईल काय? वस्तुतः त्या आग्रहामुळेच करार सर्वांना पेलण्याजोगा झाला. पैसा आणि तंत्रज्ञान यांची तरतूद झाली, म्हणून तो यशस्वी झाला.

आश्वासने आणि वास्तव

हवामानाच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही. 2009 मध्ये कोपनहेगन येथे विकसित राष्ट्रांनी 2020 पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर उभे करण्याचे वचन दिले. त्यांच्याच हिशोबाप्रमाणे ते पुरे व्हायला 2022 उजाडले, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा होता. नोव्हेंबर 2024 मध्ये बाकू येथे विकसनशील देश वर्षाला 1.3 लाख कोटी डॉलरची गरज मांडत असताना 2035 पर्यंत 300 अब्ज डॉलरचे उद्दिष्ट मंजूर झाल्याचे घोषित करण्यात आले. आपले म्हणणे ऐकून न घेताच निर्णय उरकल्याबद्दल भारताच्या प्रतिनिधींनी भर सभेत निषेध नोंदवला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी 2025 मध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांनी पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा आदेश काढला. जगातील सर्वाधिक धनाढ्य राष्ट्र निवडणुकीगणिक आत-बाहेर करणार असेल, तर त्याच्या शब्दावर आपल्या नातवंडांचे भवितव्य सोपवता येईल काय?

या काळात भारत हात बांधून बसला नाही. 2015 मध्ये पॅरिस परिषदेत फ्रान्सच्या सहकार्याने आंतरराष्ट्रीय सौर आघाडीचा प्रारंभ झाला. तिचे मुख्यालय गुरुग्राम येथे आहे. 2019 मध्ये आपत्तींत टिकाव धरणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी भारताने आणखी एक आघाडी उभी केली. 2030 पर्यंत वीजनिर्मितीची निम्मी स्थापित क्षमता जीवाश्म इंधनांवाचून उभी करण्याचे वचन आपण दिले होते. ते 2025 मध्ये, पाच वर्षे आधीच पूर्ण झाले. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे.

सूर्य आपला, यंत्र कोणाचे?

परंतु खरा प्रश्न यापुढेच आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा काही प्रकल्पांत देशात तयार झालेले सौर सेल आणि मॉड्यूल वापरण्याची अट सरकारने घातली. 2013 मध्ये अमेरिकेने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली आणि 2016 मध्ये अपिलातही निकाल भारताच्या विरोधात गेला. विशेष असे की, अमेरिकेतील काही राज्ये स्थानिक मालाला अशाच सवलती देत होती. भारताने त्याविरुद्ध दाद मागितली आणि 2019 मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. परिषदेत सौर ऊर्जेचा आग्रह धरायचा आणि व्यापाराच्या न्यायासनासमोर तिच्या स्वदेशी उत्पादनाला विरोध करायचा, ही नीती आपण ओळखली पाहिजे.

त्यानंतर देशाने मार्ग बदलला. 2021 मध्ये उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आली, 2022 मध्ये आयात मॉड्यूलवर 40 टक्के शुल्क बसले. ऑगस्ट 2025 मध्ये मॉड्यूल तयार करण्याची नोंदणीकृत क्षमता 100 गिगावॉटवर पोहोचली. तथापि, मॉड्यूल ही शेवटची जोडणी आहे. तिच्या आधी सेल, त्याआधी वेफर, त्याआधी पॉलिसिलिकॉन; आणि या मागच्या पायऱ्यांवर जगाचा बहुतांश पुरवठा चीनच्या हाती एकवटला आहे. एप्रिल 2025 मध्ये चीनने दुर्मीळ मृदा चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा आपल्या वाहन उद्योगाला त्याची झळ लागली. आखाती तेलावरील अवलंबनातून सुटून चिनी खनिजांच्या अवलंबनात अडकणे, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही.

नवे दडपण युरोपकडून येत आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते यांसारख्या वस्तू तयार होताना जो कार्बन उत्सर्जित होतो, त्यावर सीमेवर आकार लावण्याची युरोपीय संघाची व्यवस्था 1 जानेवारी 2026 पासून पूर्णांशाने लागू झाली. विभेदित जबाबदारीच्या तत्त्वाशी ती विसंगत आहे आणि भारताचा विरोध रास्त आहे. मात्र त्याच नियमात, मूळ देशात कार्बनची किंमत मोजली असल्यास तेवढी वजावट मिळण्याची तरतूद आहे. भारताने 2023 मध्ये कार्बन क्रेडिट व्यापाराची स्वतःची योजना अधिसूचित केली. ती सक्षम झाली, तर जो पैसा ब्रुसेल्सच्या तिजोरीत जाणार, तो आपल्याच कारखान्यांच्या सुधारणेसाठी देशात राहील. आपल्या उद्योजकांनी या मोजमापाकडे कटकट म्हणून पाहू नये.

घरातील कसोटी

आता थोडे स्वतःकडे वळू. स्थापित क्षमतेचा निम्मा टप्पा आपण गाठला, तरी प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा निम्म्याहून बराच अधिक आहे. कारण सूर्य रात्री नसतो आणि वीज साठवण्याची सोय अपुरी आहे. पश्चिम घाटाबाबत डॉ. माधव गाडगीळ यांच्या समितीने 2011 मध्ये अहवाल दिला, पाठोपाठ डॉ. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने 2013 मध्ये दिला. त्यानंतर 2014 ते 2024 या काळात संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना सहा वेळा निघाल्या. यास सर्व पक्षांची सरकारे जबाबदार आहेत, आणि त्यांच्यावर दडपण आणणारे आपण नागरिकही. परिषदेत पृथ्वीसूक्ताचा उल्लेख करणाऱ्या देशाने सह्याद्रीचा निर्णय इतका लांबवावा, हे शोभणारे नाही.

काय करता येते, याचे उदाहरण धुळे जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा या वनवासी पाड्यावर चैत्राम पवार यांनी वनवासी कल्याण आश्रमाच्या साहाय्याने गावकऱ्यांना संघटित केले. गावाने स्वतःवर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी घालून घेतली, नियम मोडणाऱ्याला दंड ठरवला, बांध घातले. 400 हेक्टरांहून अधिक जंगल पुन्हा उभे राहिले आणि विहिरींना पाणी आले. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ही माणसे कोणत्याही परिषदेच्या निधीची वाट पाहत थांबली नव्हती. येथे जंगल वाचवणे आणि पोट भरणे या दोन गोष्टी परस्परविरोधी ठरल्या नाहीत.

एप्रिल 1965 मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत दिलेल्या चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. निसर्गाची झीज तो स्वतः भरून काढू शकेल इतकेच त्याच्याकडून घ्यावे, हा विचार त्यात आहे. 'शाश्वत विकास' हा शब्द जगात रूढ होण्यापूर्वीची ही मांडणी आहे. मात्र विचार आधी मांडल्याचा मान मिळाला, म्हणून आचरणातून सूट मिळत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, जागतिक व्यासपीठावर न्यायाची मागणी भारताने तसूभरही सोडू नये. मॉन्ट्रियल कराराचा इतिहास सांगतो की ती फळाला येते. परंतु त्या मागणीमागे सेलपासून चुंबकापर्यंत स्वतःचे तंत्रज्ञान हवे, स्वच्छ नद्या हव्यात आणि राखलेले डोंगर हवेत. संघाच्या शताब्दीनिमित्त समाजासमोर ठेवलेल्या पंच परिवर्तनांत पर्यावरण आणि स्व-आधारित जीवनशैली हे दोन विषय शेजारी-शेजारी आहेत. आपल्या वस्तीतील ओढा, आपल्या छपरावरील ऊन आणि आपल्या घरातील कचरा यांपासून प्रारंभ करावा, ही विनंती करून मी थांबतो.

भारत माता की जय!