जुन्या काँक्रीटची नवी खडी
(मावळ तालुक्यातील पंचायत सदस्य व शिक्षकांपुढील भाषण)



लोणावळ्यात जुने बंगले पाडून नवे उभे राहतात. गावोगावी शाळांच्या मोडकळीस आलेल्या खोल्या पाडल्या जातात. राडारोडा ओढ्याकाठी जातो आणि नव्या कामासाठी पुन्हा डोंगर फोडला जातो. कार्ले-भाज्याची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली, त्याच जातीची ही खडी. काँक्रीटमध्ये चाळीस वर्षे राहून ती काही झिजत नाही. मग जुने काँक्रीट फोडून खडी केली, तर बिघडते कोठे?

बिघडते ते खडीला चिकटून राहिलेल्या जुन्या सिमेंट-वाळूच्या थरात. हा थर सच्छिद्र असतो व पाणी पितो. अशी खडी कोरडीच टाकली, की माल घट्ट होतो आणि गवंडी सवयीने वरून पाणी ओततो. ताकद तेथेच जाते. म्हणून खडी आदल्या दिवशी भिजवून, निथळून वापरावी. आपल्या मावळात आणखी एक पथ्य आहे. मे महिन्यातील ढीग आणि आषाढातील ढीग एक नव्हे. भिजलेल्या ढिगातले पाणी हिशेबात धरून मिश्रणातले पाणी तेवढे कमी केले पाहिजे.

अशा काँक्रीटची दाब सोसण्याची शक्ती थोडी घटते. ताठरपणा त्याहून अधिक घटतो आणि वाळताना आकुंचनही जास्त होते. यामुळे तुळई अधिक वाकते, चिरा पडण्याचा संभव वाढतो. भारतीय मानक ३८३ (सन २०१६) याने म्हणूनच मर्यादा घातली आहे: सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के, तेही एम-२५ प्रतीपर्यंतच, बिनसळईच्या कामात २५ टक्के, आणि पायाखालच्या, एम-१५ हून हलक्या थरात पूर्ण १०० टक्के.

विटा व गिलावा मिसळलेला राडारोडा मात्र या हलक्या थराखेरीज कोठेही चालत नाही. जुने लोक चुन्यात सुरखी घालीत, हे खरे; पण ती भाजलेल्या विटेची बारीक पूड होती, तुकडे नव्हेत. बंगल्यांच्या छताचे प्लास्टर ऑफ पॅरिस तर कटाक्षाने वेगळे काढावे. त्यातील सल्फेटमुळे काँक्रीट फुगून तडकते.

पंचायतीने आरंभ गटाराखालच्या थरापासून करावा. स्लॅबला हात घालण्यापूर्वी त्याच मिश्रणाचे १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून, २८ दिवस पाण्यात ठेवून, प्रयोगशाळेत फोडून पाहावेत. तो अहवाल हाती आल्यावाचून शाळेच्या खोलीचे काम ठेकेदारास सुरू करू देऊ नये.