पानावरील नागमोडी रेघ

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनातील भाषण)



शाळेच्या बागेतील लिंबाचे कोवळे पान हाती घेऊन एखादा विद्यार्थी विचारतो, "गुरुजी, ही रेघ कोणी काढली?" पानावर चंदेरी, नागमोडी वाट उमटलेली असते. "कीड लागली आहे, टाकून दे," असे उत्तर मिळाले, की पान केरात जाते आणि त्याबरोबर मुलाची जिज्ञासाही जाते. वस्तुतः ते पान हाच त्या दिवसाचा पाठ होय.

ही रेघ एका इवल्या पतंगाच्या अळीची आहे. शेतकरी तिला नागअळी म्हणतात. स्टेन्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५६ साली कलकत्त्याकडील नमुन्यांवरून या पतंगाचे वर्णन केले. पंख पसरले तरी तो सुमारे ४ मिलिमीटरच भरतो. मादी कोवळ्या पानावर एकेक अंडे घालते. अळी बाहेर पडताच पानाच्या पातळ त्वचेखाली शिरते व पेशी फोडून त्यांतील रस पिते. रेघेच्या मध्यभागी दिसणारी काळसर ओळ म्हणजे तिची विष्ठा. पूर्ण वाढ झाल्यावर ती पानाची कड दुमडून आत कोषात जाते.

अळीला वाटेल ते पान चालत नाही. लिंबू, संत्रे, मोसंबी, बेल, कुंती ही तिची झाडे. फळे-फुले भिन्न असली, तरी त्यांचे कूळ एकच. याची प्रचीती मुलांना सहज देता येते. पान उजेडासमोर धरावे, बारीक तैलबिंदू चमकतात. चुरगळावे, सुवास येतो. टोमॅटोच्या पानावर अशी रेघ दिसली, तर तिचा कर्ता निराळा कीटक असतो, हेही सांगावे.

आता प्रश्न उपजीविकेचा. मोठ्या झाडाला या अळीपासून फारशी हानी होत नाही. परंतु रोपवाटिकेतील कलमांची वाढ खुंटते. शिवाय फाटलेल्या त्वचेतून खैऱ्या रोगाचे जंतू आत शिरतात. घाबरून सरसकट औषध फवारले, तर या अळीवर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्याही मरतात व शेतकऱ्याचा मित्रच नाहीसा होतो. अळी त्वचेखाली सुरक्षित असल्याने वरवरच्या फवाऱ्याचा तिच्यावर परिणामही कमी होतो. नत्रखत व पाणी बेताने दिल्यास अवेळी पालवी फुटत नाही, आणि कोवळे पान नसेल तर मादीला अंडी घालण्यास जागाही उरत नाही.

यास्तव प्रत्येक शाळेने एक लिंबाचे रोप लावावे. नवी पालवी आली, की मुलांनी रोज एकाच पानाचे चित्र तारखेसह वहीत काढावे. रेघ कोठे सुरू झाली, किती लांबली, कोष कोठे झाला, हे त्यांनीच पाहावे. अशी वही ज्या मुलाने भरली, तो उद्या वडिलांच्या बागेत औषधाचा पंप उचलण्यापूर्वी पान उलटून पाहील. निसर्गअभ्यासाचे सार्थक ते हेच.