दुसरी वायर कुठून येते ते विचारा

मागच्या वेळी आपण गटाच्या नोंदी मोबाईलवर कशा भरायच्या ते बोललो होतो. त्यानंतर जिथं बैठकीला गेलो तिथं एकच प्रश्न आला, "नोंदी भरू हो ताई, पण नेट कुठंय?" म्हणून आज नेटचंच बोलू. घरी किंवा ग्रामसंघाच्या खोलीत फायबरचं कनेक्शन कसं घ्यायचं, आणि ते बंद पडलं तर दुसऱ्या कंपनीचं हाताशी कसं ठेवायचं, एवढाच आजचा विषय आहे.

हे कशाला, असं काहीजणींना वाटेल. २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी आली तेव्हाचे दिवस आठवा. ओटीपी यायचा, पान फिरत राहायचं आणि वेळ संपून जायची. पाथर्डी-शेवगावकडच्या कितीतरी बायांनी त्यासाठी खुरपणीची रोजंदारी बुडवून तालुक्याच्या चकरा मारल्या. आता गटाचा हिशोब लोकओएसवर आहे, बीसी सखी पैसे काढून देते ते नेटवर, पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म नेटवर. नेट गेलं की घरातला पुरुष मोटरसायकलला किक मारून निघतो. बाईला एसटी बघावी लागते, नाहीतर उद्यावर ढकलावं लागतं. दिवस बुडतो तो तिचाच.

फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा धागा. त्यातून वीज जात नाही, उजेड जातो. तो उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळ्यांना वाईट असतो. म्हणून तुटलेल्या वायरच्या टोकाला डोळा लावून कोणी बघू नये. काचेचे बारीक तुकडे बोटात जातात, लेकरांना तर हात लावूच देऊ नका.

हा धागा गावापर्यंत आणायचं काम सरकारनं २०११ मध्ये मंजूर केलं. देशातल्या अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडायचं ठरलं. २०१५ पासून त्या योजनेचं नाव भारतनेट, आणि आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावानं झालं. ग्रामपंचायतीत भिंतीला एखादी पेटी लटकलेली असेल, तर ती कसली आहे ते ग्रामसेवकांना विचारा. चालू आहे का तेही विचारा, कारण पेटी असणं आणि पेटीत नेट असणं या दोन गोष्टी आहेत.

गावातून घरापर्यंतची वायर मात्र कंपनी, नाहीतर तिच्या वतीनं काम करणारा गावचा केबलवाला आणतो. खांबावर एक डबी असते. तिथं एकाच धाग्यातला उजेड बऱ्याच घरांना वाटला जातो. डबीपासून घर जवळ असेल तर काम अर्ध्या दिवसाचं.

खरी गंमत वस्तीवर आहे. आपल्या नगर जिल्ह्यात निम्मं गाव रानात राहतं. गावठाणापासून किलोमीटर, दोन किलोमीटर. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण तोंडी अजून नगरच येतं.) तेवढी वायर न्यायची तर जास्तीच्या मीटरचे पैसे कोणाचे, हे आधी कागदावर घ्या. दुसरं म्हणजे ती कशावरून नेणार? बाभळीवरून, बांधावरून आणि रस्ता ओलांडून. मग गळीत हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली वरपर्यंत भरून निघते आणि वायर ओढून नेते. कोणी पाचट पेटवलं की वायर वितळते. उंदीर आणि खारी कुरतडतात ते वेगळंच. म्हणून रस्ता ओलांडते तिथं वायर भरलेल्या ट्रॉलीपेक्षा उंच बांधायला लावा, आणि पाचट जाळतात त्या बांधावरून नेऊ देऊ नका. महावितरणच्या खांबाला कोणी परस्पर बांधत असेल तर थांबवा. तिथं जीव जातो.

आता दोन कंपन्यांचं. एका गावात ग्रामसंघानं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची कनेक्शनं घेतली होती. नळाच्या पाईपलाईनसाठी जेसीबी आला, चर खणला, आणि दोन्ही एकाच तासात बंद. कंपन्या दोन, बिलं दोन, पण गावात येणारा रस्ता एकच! दोन्हीच्या तारा त्याच कडेनं, त्याच चरात होत्या. ही गोष्ट फक्त आपल्या खेड्यातली नाही. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहराजवळ समुद्राखालच्या दोन मोठ्या तारा तुटल्या. वेगवेगळ्या मालकांच्या, पण गेलेल्या एकाच वाटेनं. त्या तुटल्या तिकडं आणि इंटरनेट मंदावलं भारतातलं. एवढ्या मोठ्या लोकांना जे चुकलं नाही, ते आपल्याला कसं चुकेल?

म्हणून दुसरं कनेक्शन घेताना कंपनीचं नाव नंतर विचारा, आधी वाट विचारा. तुमची वायर गावात कोणत्या रस्त्यानं येते? कोणत्या खांबावरून? मागून कोणाची लाईन घेता? बरेच छोटे केबलवाले मोठ्या कंपनीकडूनच नेट घेऊन पुढं देतात. मग पाटी वेगळी आणि विहीर तीच. वायर लावायला येणारा पोरगा हे खरं सांगतो, ऑफिसातले सांगतीलच असं नाही. त्याला चहा द्या आणि विचारा.

दोन्ही वाटा एकच निघाल्या तर दुसऱ्या फायबरवर पैसे घालू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यापेक्षा टॉवरवरून हवेतून येणारं कनेक्शन बघा, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड जुन्या मोबाईलमध्ये टाकून हॉटस्पॉट ठेवा. टॉवरलासुद्धा मागून बहुतेकदा फायबरच असतो, त्यामुळे तो कोणत्या बाजूनं येतो हेही विचारून ठेवलेलं बरं. आणि एक लक्षात घ्या, ओटीपीचा मेसेज मोबाईलच्या रेंजवर येतो. ज्या कंपनीची रेंज तुमच्या घरात आहे, तिचाच नंबर आधारला जोडलेला असावा.

दोन कनेक्शनं एकत्र जोडायची तर दोन वायर घेणारा राउटर मिळतो. त्यात दोन पद्धती असतात. एका पद्धतीत दोन्ही लाईन एकदम चालतात आणि काम वाटून घेतात. ऐकायला छान वाटतं, पण बँकेच्या कामाला त्रासाचं. एकच बाई दोन दारांतून आत येतेय असं बँकेला दिसतं, आणि ती मधेच बाहेर काढते. शिवाय दोन लाईनचा वेग जोडून एका फोटोला मिळेल असंही नाही. दुसऱ्या पद्धतीत एक लाईन चालते, ती पडली की राउटर आपोआप दुसरीवर जातो. याला फेलओव्हर म्हणतात. ग्रामसंघाला, बीसी सखीला हीच लावून घ्या, लावणाऱ्याला हाच शब्द सांगा. घरापुरतं बघायचं तर असला राउटर नको. दोन वायफायची दोन नावं मोबाईलमध्ये ठेवा, एक गेलं की दुसरं दाबा.

लाईट गेली की नेट जातं, ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. फायबरला वीज लागत नाही, पण घरातल्या डब्याला लागते. राउटरसाठी छोटा यूपीएस हजार-दोन हजारांत मिळतो आणि काही तास चालतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून त्याच मापाचा घ्या. विजा कडाडायला लागल्या तर मात्र अडॅप्टरची पिन काढूनच ठेवा.

नेट बंद पडलं की आधी डब्यावरचे दिवे बघा. लाल दिवा लुकलुकतोय तर उजेडच येत नाही, म्हणजे वायर तुटली आहे किंवा जास्त वाकली आहे. वायरमनला बोलवा. सगळे दिवे हिरवे आणि तरी नेट नाही, तर रिचार्ज संपलाय किंवा बिघाड कंपनीकडं आहे. फोनवर एवढं सांगता आलं की समोरचा "डबा बंद करून चालू करा" एवढ्यावर बोळवण करत नाही.

पैशाचा प्रश्न बैठकीत फार तापला होता. पाचशेचं महिन्याचं कनेक्शन धरलं, तर १८ टक्के जीएसटी लागून ५९० होतात. बारा गटांत वाटले तर एका गटाला महिन्याला साधारण ४९ रुपये, दहा जणींचा गट असेल तर एकीला पाच. एक आजी म्हणाल्या, "माझ्याकडं साधा फोन आहे, मी कशाला देऊ?" प्रश्न रास्त होता. पण ज्यांच्याकडं मोठा फोन आहे त्या कुठंही जाऊन काम करतील. आजींची ई-केवायसी मात्र ग्रामसंघाच्याच खोलीत होणार, तिथं नेट नसेल तर त्यांनाच एसटीत बसावं लागणार. यावर आजींनी पाच रुपये दिले, आणि अट घातली की वायर लिडरच्या घरी नको, ग्रामसंघाच्या खोलीत हवी. अट आम्हाला पटली. कोणाच्या घरात लावलेलं गटाचं कनेक्शन चार महिन्यांत त्या घरच्या दादांचं वायफाय होतं, हे आम्ही पाहिलंय.

घरचं घेत असाल तर बाईच्या नावावर घ्या. आधार तिचं, नोंदवलेला मोबाईल नंबरही तिचा. म्हणजे तक्रारीचा मेसेज आणि ओटीपी तिच्याकडं येतो. पासवर्ड वस्तीभर वाटू नका, त्या लाईनवरून जे होईल त्याची विचारणा जिच्या नावावर आहे तिला होते. लोकांना वायफाय द्यायचंच असेल तर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी योजना आहे. त्यात दुकानदार किंवा गटही परवाना फी न भरता वायफाय देऊ शकतो.

केबलवाला वर्षाचे पैसे एकदम मागतो आणि सूट देतो. पहिल्यांदा तीनच महिन्यांचे भरा आणि पावती घ्या. डबा कनेक्शन सोडताना परत द्यायचा की आपला, अनामत किती, तेही पावतीवर लिहून घ्या.

तक्रार तोंडी करू नका. कंपनीच्या नंबरवर करा आणि तक्रार क्रमांक मागा. तेवढ्यानं झालं नाही तर त्याच कंपनीकडं अपील करता येतं, आणि ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे १९१५. बंद दिवसांचे पैसे बिलातून वजा करायला सांगा. जेसीबीसाठीही एक सोय आहे. खोदण्याआधी खाली कोणाची वायर आहे ते कळावं म्हणून मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप सुरू झालंय. पाईपलाईनचा ठेकेदार ते वापरतो का, हे ग्रामसभेत विचारायचा हक्क आपल्याला आहे.

आमच्या खोलीत राउटरशेजारी एक वही दोरीनं बांधून ठेवली आहे. कोणती लाईन कधी गेली, तक्रार क्रमांक काय, कधी आली, हे ज्या बाईच्या समोर घडलं तिनं लिहायचं. अक्षर कसंही चालेल. तीन महिन्यांनी पैसे पुन्हा भरायची वेळ आली की ती वही उघडून दोन्हीपैकी कोणती ठेवायची ते बैठकीत ठरवणार आहोत.