चुंबक मोडला तेव्हा

माझे अब्बा शिंपी होते. मशीनखाली सांडलेल्या सुया-टाचण्या गोळा करायला त्यांच्याकडे नालेच्या आकाराचा चुंबक होता. एकदा तो माझ्या हातून पडला आणि त्याचे दोन तुकडे झाले. अब्बा रागावले, पण दोन्ही तुकडे सुया उचलतच होते! शाळेत मी विचारलं, "असं तोडत गेलो, तर शेवटी काय उरेल?" मास्तर म्हणाले, "खाली बस." बसलो. पुढे बी. ए. झालो, कविता लिहू लागलो.

उत्तर आलं २०१७ साली. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातले शाओडाँग शू आणि एमआयटीतले पाब्लो हारिलो-हेरेरो यांच्या गटांनी क्रोमियम ट्रायआयोडाइड या स्फटिकाचा एकच थर सुटा केला. कशानं? चिकटपट्टीनं! मँचेस्टरमध्ये २००४ साली ग्राफीन असंच सोलून काढलं होतं. मधे क्रोमियमचे अणू, वर-खाली आयोडीनचे. बस्स, एवढीच जाडी. तरी तो चुंबकच राहिला.

यात नवल कसलं? चुंबकातला एकेक अणू म्हणजे इवलासा चुंबक. शेजाऱ्याकडे बघून सगळे एका दिशेला तोंड करतात. उष्णता त्यांना विस्कटते. एका थरात वर-खालचे शेजारीच नाहीत. मर्मिन आणि वॅग्नर यांनी १९६६ साली गणितानं दाखवलं होतं की, अणूंना सगळ्या दिशा सारख्याच असतील, तर अशा थरात जराशा उष्णतेनंही शिस्त मोडते. या स्फटिकातल्या अणूंना मात्र थरावर काटकोनात उभं राहणंच रुचतं. त्या हट्टानं चुंबकत्व वाचतं. अर्थात उणे २२८ अंश सेल्सिअसच्या खालीच! शिवाय हवेतला ओलावा लागला की पापुद्रा खराब होतो, म्हणून बंद पेटीत जपावा लागतो.

मला चटका लावला तो पुढच्या भागानं. असे दोन थर एकावर एक असले, की चुंबकत्व गायब! प्रत्येक थर चुंबक आहेच, पण दोघांची तोंडं विरुद्ध, म्हणून बेरीज शून्य. तिसरा थर आला की पुन्हा चुंबकत्व हजर. बाहेरून पुरेसं चुंबकीय क्षेत्र लावलं, तर ते दोघे एका दिशेला वळतात आणि त्यांच्या आरपार जाणारी वीज एकदम वाढते. विजेच्या कमी-जास्त होण्यावरून थरांची तोंडं कुठं आहेत ते ओळखता येतं. त्यातूनच पुढे माहिती साठवता येईल, अशी शास्त्रज्ञांना आशा आहे.

अब्बांच्या चुंबकाचा एक तुकडा माझ्या टेबलावर असतो, दुसरा आपाच्या शिवणाच्या डब्यात. ईदला ती आली, की आम्ही ते मोडल्या जागी जोडून बघतो. अजून धरतात.