तेच दोन चरण, सतरा वेळा



विहारात म्हणावयास आपणही चार ओळी रचाव्यात, अशी इच्छा आपल्यापैकी अनेकांच्या मनात असते. परंतु ‘आम्हांस काव्याचे शास्त्र कोठे येते?’ असे म्हणून आपण थांबता. आज मी आपणांस असा एक साचा दाखविणार आहे की, ज्यात अर्धे काम एकदाच करावे लागते.

सुत्तनिपातातील पहिलेच सुत्त ‘उरगसुत्त’ होय. त्यात १७ गाथा आहेत. प्रत्येक गाथेचे शेवटचे दोन चरण जसेच्या तसे परत येतात. जुनी कात टाकणाऱ्या सापाची उपमा त्यांत आहे. नवे असतात ते वरचे चरण. पहिल्या गाथेत क्रोध आहे, दुसरीत आसक्ती, तिसरीत तृष्णा, चौथीत अहंकार. उपमा तीच, परंतु टाकावयाची गोष्ट दर वेळी निराळी! चरण पालटत नाहीत, त्यांचा अर्थ मात्र वाढत जातो. हे मर्म न ओळखता केलेल्या पुनरुक्तीने घसा दुखेल, मन हलणार नाही.

मग आपण कसे लिहावे? प्रथम शेवटचे दोन चरण ठरवा. त्यांचा अर्थ स्वतंत्रपणे पूर्ण असावा आणि ते प्रत्येक कडव्याशी जुळावेत. नंतर वरचे दोन चरण रचा. त्यांत मोठमोठे शब्द भरू नका. आपल्या घरातून काय गेले पाहिजे, ते लिहा. एका कडव्यात लग्नासाठी काढलेले कर्ज येईल, दुसऱ्यात दारू, तिसऱ्यात मुलीला शाळेतून काढण्याची सवय, आणि शेवटी मनात दडून बसलेली भीती. असे बाहेरून आत या.

कडवे झाले की शेवटचे दोन चरण झाकून ते वाचा. वर नवे काहीच सांगितलेले नसेल, तर ते कडवे निःसंकोच खोडा. आपणांस १७ कडव्यांची गरज नाही. पाच खरी कडवी पुरेत.

म्हणताना एकाने वरचे चरण म्हणावेत, सर्वांनी खालचे. ज्या आजीने कधी पाटी हाती धरली नाही, तीही दुसऱ्या कडव्यापासून आपल्याबरोबर म्हणू लागेल. तिला पाठ होतील ते हेच दोन चरण, आणि नातवंडांना ती देईल तेही हेच. म्हणून त्यांत एकही खोटा शब्द राहू देऊ नका. आज रात्रीच ते लिहावयास बसा.